कुंकवाखालचा चलन नंबर

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका गाळ्यात बसून मी लोकांच्या आयकराची कामं करते. माझे बहुतेक अशील ट्रेलरवाले. वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी कर भरा म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. एक दादा तेवढे अपवाद. मिठागर बंदरात गेल्यावर त्यांनी ट्रेलर घेतला होता. "सरकारचं डोक्यावर नको," म्हणायचे, स्वतः बँकेत जाऊन चेकने हप्ता भरायचे आणि पावती मला दाखवायला आणायचे.

एका मार्चला मी गमतीत म्हटलं, "दादा, सरकारला दिलंत, आता देवालाही दाखवा." माझी मेलीची जीभ! त्यांच्या घरी नवी चीज आधी देव्हाऱ्यात जाते. पावतीही गेली. तेलात कालवलेलं कुंकू नेमकं चलन नंबरावर लागलं. आणि मी शहाणीने झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नव्हती.

नेमका तोच हप्ता आयकर खात्याच्या नोंदीत दिसेना. वर थकबाकीची नोटीस, व्याजासकट. मी तक्रार केली. खातं म्हणे बँकेला विचारा, बँक म्हणे नंबर सांगा, जुनी चलनं गोदामात आहेत. शेवटी आयकर ऑफिसात जाऊन मी भांडलेच. साहेब शांतपणे म्हणाले, "चूक आमच्याकडचीच दिसते, मॅडम. अशा आणखीही तक्रारी आल्यात. पण नंबर वाचता आल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही."

"पासबुकात पैसे गेलेले दिसतायत ना?"

"गेलेले दिसतात. कोणाच्या करापोटी गेले, ते दिसत नाही."

कप्पाळ माझं!

तिकडे दादांचा ट्रेलर इंजिन उतरवून गॅरेजात उभा होता. थकबाकी दिसते म्हणून कुठलीच बँक दुरुस्तीला कर्ज देईना. "मंग परत भरू का?" त्यांनी विचारलं. भरणार कशातून, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी अर्जावर अर्ज करत राहिले. चार महिन्यांनी ट्रेलर मिळेल त्या भावाला विकला गेला. त्यानंतर आठवड्याने खात्याचं उत्तर आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. दुरुस्ती काही झाली नव्हती. मी रागाने कागद चुरगळला, मग परत सरळ करून फाइलला लावला.

आता दादा दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. परवा मार्च लागला तसे सवयीने आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम. सरकारच्या कागदाला कुंकू लावाचं नसतं."

चूक खात्याची होती आणि आगाऊपणा माझा. तेवढं सांगायचं सोडून मी त्यांची फाइल काढली.

"यंदा किती भरायचा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, दादा. आता तुमचं उत्पन्न तेवढं नाही."

"बरं," म्हणाले, आणि आणलेलं चेकबुक परत खिशात ठेवलं.