कुणी न नेलेले वस्तरे

जुन्नरच्या बाजारात एक शिकलगार बसायचा. आम्हा गावोगावच्या न्हाव्यांच्या वस्तऱ्यांना धार तोच लावायचा. प्रत्येक पाते तो स्वतःच्या मनगटावर फिरवून बघे, त्यामुळे त्याच्या डाव्या हातावर केस कधी दिसलेच नाहीत. बोलणे मोजकेच.

गाठीच्या तापाची साथ आली त्या साली तो वस्तरे जमवू लागला. धारेला दिलेले, पण परत न्यायला ज्यांचे धनी आलेच नाहीत असे. तेल लावून, फडक्यात गुंडाळून तो ते पेटीत ठेवी. एकदा त्याने मला ते दाखवले.

"ह्यो मढच्या न्हाव्याचा, ह्यो वतूरच्याचा," तो हळूच म्हणाला. "लई चांगली मानसं व्हती, भाऊ."

त्या दिवशी माझ्या वस्तऱ्याला धार लावून होताच तो घेऊन मी निघालो.

पुढच्या बाजारी गर्दी होती, म्हणून माझा वस्तरा त्याच्याकडे ठेवून मी माझ्या गावी, आळ्याला परतलो. त्याच आठवड्यात गावात उंदीर मरून पडू लागले. आम्ही शिवारात झोपड्या घातल्या. तीन बाजार हुकले. मला ताप भरला. दिवसभर काखेत गाठ चाचपायचो आणि डोळ्यांपुढे ती पेटी यायची.

एके दुपारी तो जुन्नरहून चालत आला. माझ्या बायकोने लांबूनच ओरडून अडवले, तरी झोपडीच्या दारापर्यंत आलाच. त्याने माझा वस्तरा पुढे केला.

"पेटीत ठेवाया हात धजंना, भाऊ. तुमी हायेत का न्हाई, तेवढंच बघाया आलो."

"हाये," मी कसाबसा उठून बसत म्हणालो.

तेव्हा कुठे तो दारात मटकन बसला आणि त्याने आमच्याकडे पाणी मागितले.