किल्ली कोणाच्या खिशात

डॉक्टरांनी विचारलं, "कितना पीते हो?"

मी ताठ बसून सांगितलं, एक थेंब नाही. खर्रा नाही, विडी नाही, काही नाही. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. आम्ही दारूसाठी आलोच नव्हतो. पण सवय जात नाही.

आमच्या घरात पुरुषाची परीक्षा एवढीच होती. वडील भंडाऱ्याकडची शेती भावावर सोडून भिलाईच्या कारखान्यात आले आणि सगळ्या नातलगांना त्यांनी एकाच मापाने मोजलं: पितो की पीत नाही. मी न पिणाऱ्यांतला, म्हणून माझ्या लग्नाच्या वेळी कोणी फारशी चौकशीही केली नाही. पुढे मीही त्याच कारखान्यात लागलो. तिथे गेटवर दारू पकडायला अधूनमधून यंत्रात फुंकर मारायला लावतात. मी फुंकर मारायचो आणि छाती काढून आत जायचो. खिशातल्या मोबाइलचा वास कुठल्याच यंत्राला येत नाही.

मोबाइलवर रमी होती. दिवाळीत पत्ते खेळता खेळता लागली असं मी लोकांना सांगतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. खरं म्हणजे एका साध्या मंगळवारी कँटीनमध्ये चहा यायला उशीर झाला, म्हणून लागली. एवढंच कारण. ह्याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

त्या रमीत पोरीच्या नर्सिंग कॉलेजची फी गेली. फी भरायच्या दिवशी ती सकाळीच केस विंचरून, कागदपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून आत बसलो होतो. शेवटी बायकोने दार वाजवलं. सीट गेली. पोरीने वर्षभर आमच्या रुआबांधा वस्तीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो, म्हणूनच बोलली नसावी.

त्यानंतर मी जबाबदारीने खेळायचं ठरवलं. हसू नका, मी खरंच ठरवलं. त्या अॅपमध्ये रोजची मर्यादा घालायची सोय होती. ती मी स्वतःच्या हाताने घातली आणि मोठं काम केल्यासारखा झोपलो. चौथ्या दिवशी ती स्वतःच्याच हाताने वाढवली. पुढच्या आठवड्यात काढूनच टाकली.

इकडे पोरीने पुन्हा परीक्षा दिली होती. सीट मिळाली तर फी पुन्हा माझ्याच खात्यातून जाणार होती. ह्याची भीती घरात तिघांनाही होती, आणि सगळ्यात जास्त मला. मग इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायकोला एका बाईने सांगितलं, दारू सोडवणारे डॉक्टर जुगारवाल्यांनाही बघतात, तोही आजारच आहे. त्या बाईच्या नवऱ्याला तिथेच गुण आला होता. बायकोने मला विचारलं नाही, फक्त माझा बाहेर जायचा शर्ट कपाटातून काढून ठेवला.

डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. माझ्या पोरीहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने हिंदीत विचारलं, पगार आणि मोबाइल काही दिवस घरातलं कोणी सांभाळेल का? माझं डोकं फिरलं. मी तिला माझं काम समजावलं. मी कारखान्यातल्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मशीनच्या दुरुस्तीआधी वीज तोडायची, स्विचला आपलं कुलूप लावायचं, वर आपल्या नावाची पाटी लटकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कितीही मोठा साहेब येऊन ओरडू दे, ज्याने कुलूप लावलं तोच काढणार. हा नियम मी कितीतरी नव्या पोरांना शिकवला आहे. तेव्हा माझं कुलूप मी लावीन, किल्ली दुसऱ्याला देणार नाही.

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकलो.

मग बायको बोलली. "किल्ली त्याच्याच खिशात कावून रायते?"

"कावून म्हणजे? मशीनमंदी हात त्याचा रायते. दुसऱ्यानं चालू केलं तर हात जाईन त्याचा."

"मंग इथं हात कोणाचा हाय?"

मी समुपदेशक बाईकडे बघितलं.

"माहा हाय. पोरीचा हाय. मागच्या साली तुमीच चालू केलं, तिचा गेला. अन् किल्ली तुमाले पायजे?"

एवढी वर्षं नियम शिकवला आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी तिथेच रडलो, परक्या पोरीसमोर. मोबाइल टेबलावर ठेवला. बायकोने तो पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

आता माझ्याकडे बटणांचा फोन आहे. पगाराचं सगळं बायको बघते. दर शनिवारी त्याच खोलीत बसायला जातो. बाकी सगळे दारूवाले, मी एकटाच पत्तेवाला. एकदा घसरलोही, मित्राच्या मोबाइलवर. शनिवारी सांगितलं, घरी येऊन पुन्हा सांगितलं. मोकळं वगैरे वाटलं नाही, दमायला झालं. अजूनही चहाला उशीर झाला की बोटं चुळबुळतात. लोक सांगतात ते अॅप बंद झालं. दुसरी असतीलच, मी विचारत नाही.

फी भरली गेली. पोरगी कॉलेजच्या बसने जाते, पांढरा कोट घरी स्वतः इस्त्री करते. आता माझ्याशी बोलते, जेवलात का वगैरे.

मध्ये मोबाइल देऊन वर्ष झालं, तेव्हा मी एका दुपारी बायकोपाशी विषय काढला. वर्षभर नीट राहिलो होतो, ती एक घसरण सोडली तर. म्हटलं, "आता तरी दे ना माहा मोबाइल. मले काय जन्मभर असाच ठेवतं का?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "पोरगी शिकून राहिली ना अजून?"

"हो."

"मंग हात आतच हाय."

मिलमध्ये आतून कोणी असं सांगितलं की त्याच्याशी वाद घालत नाहीत, बाहेर थांबतात. मी तिच्यासमोर बसलो आणि ताटातले खडे वेचू लागलो.