बटणं लावा

भोरला आमचे हाडांचे डॉक्टर आहेत. मान दुखते म्हणून कुणी एक्स-रे पुढं केला, तर ते तो बाजूला ठेवतात. "शर्टाची बटणं काढा, परत लावा." बोटं बटणावर अडखळली, की मानेतला मज्जारज्जू दबला असणार म्हणून लगेच पुण्याला पाठवतात. माझं ऑपरेशन त्यामुळंच वेळेवर झालं. यंदा आमच्या गावी, गुंजवण्यात, भात मीच लावला.

डॉक्टरांचा कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. गेले तीन महिने मात्र टी-शर्टात असतात आणि औषधं सिस्टरकडून लिहून घेतात.

काल मी धीर करून म्हटलं, "डॉक्टरसायेब, उद्या शर्ट घालून या की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमची मान छान आहे," म्हणाले. मग दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.