काय म्हणतात त्याला

ती चौकशी आठवली की आजही माझ्या मुठी वळतात. टोकियोलगतच्या एका पोलीस ठाण्यात मी दुभाषी होते, इंग्रजी आणि मराठीची. आता ते काम सोडलं आहे. नावं मात्र लिहिणार नाही.

ठाण्यात फोनवरून खबर आली: भारतीय मुलांना इंग्रजी शिकवणारा वृद्ध कृष्णवर्णीय अमेरिकन वर्गात बॉम्ब करायला शिकवतो. तरुणपणी तो कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यात होता. एका चकमकीत पोलीस मारला गेला आणि हा परागंदा झाला. पुढे खटला मागे घेतला गेला, तरी तो परतला नाही. तिकडे अमेरिकेत आजही कोणी त्याला वीर म्हणतं, कोणी खुनी. त्याचा वर्ग एका सार्वजनिक सभागृहात भरायचा; फोनची बातमी कळताच सभागृहाने तो बंद केला. त्या वर्गाशिवाय त्याला इथे काहीच नव्हतं.

“गोळी मी झाडली नाही,” तो जबाबात म्हणाला. “पण बंदुका घेऊन आम्हीच गेलो होतो. त्या पोलिसाची मुलगी मला खुनी म्हणते. तिला तो हक्क आहे. फोन करणाऱ्याला नाही.”

निरीक्षकांनी फोनचं रेकॉर्डिंग लावलं. “मी सातो-सान बोलतोय.” निरीक्षक हसले. स्वतःच्याच नावाला ‘सान’, म्हणजे आपलं आदराचं ‘जी’, कुठला जपानी माणूस लावतो? हा परदेशी होता, पण कुठला? जपानी शब्द अडला तेव्हा तो पुटपुटला होता. त्यांना ती खरखर वाटली. मला स्वच्छ ऐकू आलं: “काय म्हणतात त्याला...”

“हा मराठी आहे,” मी म्हणाले.

नंबरवरून तोयोसुला नोकरी करणारा एक पुणेकर इंजिनियर सापडला आणि त्याला चौकशीला बोलावलं. त्याचा मुलगा त्याच वर्गात होता.

“ताई, पोरगा घरी येऊन विचारतो, आपल्या क्रांतिकारकांनीही इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, मग सर वेगळे कसे? हे ऐकून घ्यायचं?”

“आणि बॉम्ब?” निरीक्षकांचा प्रश्न मी मराठीत विचारला.

“तसं म्हटल्याशिवाय तुम्ही आला असता का?” मग तो पुढे झुकला. “एवढं सांगू नका हं त्यांना. व्हिसाचा प्रश्न आहे. आपण एका गावचे.”

खोलीत बोललेला प्रत्येक शब्द दुभाष्याने सांगायचा असतो. मी सगळं सांगितलं, ‘एका गावचे’सकट.

इंजिनियरला ताकीद मिळाली, व्हिसा राहिला. वर्ग मात्र पुन्हा सुरू झाला नाही. सभागृहाने नम्रपणे कळवलं की पालकांना अवघडल्यासारखं होईल.

म्हाताऱ्याचा निवाडा करायला त्या पोलिसाची मुलगी होती, त्याचा देश होता. इथे एका बापाला पोराच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याने पोलीस बोलावले. गुन्हे असेही घडतात, हे मी त्या खोलीत शिकले. राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.