वाढलेलं तेल

इतक्या गुन्ह्यांचे तपास केले, पण त्या बंद पडलेल्या मोटरबोटीचा तपास आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

तेव्हा मी ग्वाल्हेरजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पुरासाठी मिळालेली बोट आमच्या ताब्यात असे, आणि ती चालवायला होमगार्डचा एक जवान, आपला मराठी माणूस. त्या पावसाळ्यात भर धारेत इंजिन जाम झालं, बोट झाडावर आदळली आणि वाचवून आणलेली एक बाई वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, "बोटवाला इंजिनाचं तेल विकतो, आणि पेट्रोल ओतून माप पूर्ण करतो." तेल तपासायची पट्टी मी स्वतः काढून पाहिली. तेल खुणेच्या बरंच वर होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. मी जवानाला समोर बसवलं.

"साहेब, मी थेंबही विकला नाही. तेल आपोआप वाढत होतं. मला वाटलं, चांगलंच आहे, कमी तर नाही ना!"

"तेल काय लेकरं घालतं?"

शिपाई हसले. तो रडायला लागला. सदोष मनुष्यवधाचं कलम लावायचं मी जवळपास ठरवलंच होतं.

तरी खात्रीसाठी तेलाची बाटली ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने वर्तमानपत्रावर एक थेंब आमचा टाकला, शेजारी एक नव्या तेलाचा. आमचा बघता बघता पसरला.

"साहेब, इंजिन रोज किती चालवता?"

"रोज नाही. दर सोमवारी, पिंपातल्या पाण्यात दोन मिनिटं. वरिष्ठांना फोटो पाठवावा लागतो."

"मग बंद?"

"बंद."

"अहो, गरमच होऊ देत नाही, तर पेट्रोल पुरतं जळणार कसं? उरलेलं खाली तेलात उतरतं. तेल वाढतं, पण पातळ होतं. जोर पडला की इंजिन जाम. चोरी नाही ही. कोण्या शहाण्याचा हुकूम आहे हा?"

मी बाटलीला बूच लावलं.

पेट्रोल वाचवण्यासाठी तो हुकूम मीच काढला होता. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझी सही असलेला कागद वडील दोन्ही हातांनी धरत. त्या हुकुमावरही तशीच सुबक सही होती.

अहवालात मी 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. मिस्त्रीचं म्हणणं जोडलं, हुकुमाची प्रत जोडली नाही. जवान गुन्ह्यातून सुटला, पण तेल वाढल्याचं कळवलं नाही म्हणून त्याला पुन्हा ड्यूटीवर घेतलं नाही.

तपासात मी प्रत्येकाला विचारत असे, तू काय लपवतोस? त्या वेळी समोरचा माणूस काहीच लपवत नव्हता.

काही दिवसांनी तो बायकोला घेऊन ठाण्यात आला. "यांनीच मला जेलपासून वाचवलं," असं तिला सांगून तो वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.