कापसाची गाठ आणि दह्याची मडकी

माझी उमेदीची वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी दाबण्यात गेली. तिथे शिकलो ते एकच: जितकं घट्ट, तितकं चांगलं. जिनिंग बंद पडलं आणि सिंदी मेघे गावातल्या घरी मी बायकोच्या मडक्यांची खोकी बांधू लागलो. मडकी ती घडवते, भट्टीही तीच लावते. मुलीने मोबाईलवर फोटो टाकले, तेव्हापासून तिच्या दह्याच्या मडक्यांना लांबलांबून मागणी येते.

खोकीही मी गाठीसारखीच बांधायचो. मडक्यात चिंध्या ठासायच्या, बाजूंनी कागद कोंबायचा, गुडघा रोवून पट्टी आवळायची. पुण्याच्या एका बाईंची तीन मडकी अशीच गेली आणि तिन्ही फुटलेली पोचली.

बाईंनी पाठवलेला फोटो पाहून मी आईसमोर बायकोला म्हणालो, "भट्टी कच्ची राह्यली असंल तुही."

आईच बोलली, "खोकं कोनं बांधलं होतं रे?"

"खोकं तं लोखंडावानी होतं, माय."

खरं तर बांधण्याआधी प्रत्येक मडकं मी बोटाने वाजवून पाहिलं होतं. खणखणीत वाजलं होतं. तरी मी ते बोललो. ते अजून सलतं.

त्या बाईंनी पुन्हा एकदा पाठवायला सांगितलं. बायकोने नवी मडकी काढली आणि म्हणाली, "या बारीनं फुटले तं मी मोबाईलवर इकनं बंद करतो. कच्चा माल देते असं नाव नाई पाह्यजे मले."

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन बोरगावच्या बाजाराला निघाली. मडक्यांमध्ये तिने सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, मोकळंच पसरलं होतं. टोपली डोक्यावर चढली तशी मडकी जराशी हलली आणि पुन्हा बसली. मी पाहत राहिलो.

ती गेल्यावर एक मडकं माझ्या पद्धतीने आवळून बांधलं आणि ओट्यावरून खाली टाकलं. खोक्याला ओरखडा नव्हता, आत खापऱ्या. दुसरं कुटारात सैल ठेवून टाकलं. शाबूत. पुन्हा टाकलं.

"काऊन रे, पागल झाला का?" आई दारातून ओरडली.

"नाई माय. आत्ता शहाना होऊन राह्यलो."

बायको परतली तेव्हा आईसमोरच खापऱ्या तिच्यापुढे ठेवल्या. "भट्टी पक्कीच होती. हात माहा घट्ट होता. मी चुकीचं बोललो."

तिने एक खापरी उलटून पाहिली. "एवढं समजाले माहं चांगलं मडकं फोडलं?"

"एकच फोडलं."

"उपकार झाले!" ती म्हणाली, आणि आई खो खो हसली.

पुण्याचं खोकं आम्ही दोघांनी कुटारात बांधलं. मी सवयीने पट्टी आवळू लागलो की ती मनगटावर चापट मारायची.

काही दिवसांनी फोटो आला. तिन्ही मडक्यांत दही लागलेलं. बायकोचे हात मातीचे होते, म्हणून मोबाईल मी धरला.

"मोठा करा. दही नाई, काठ दाखवा." तिन्ही काठ तिने नीट न्याहाळले. "टवका नाई कुठं." मग चाकाकडे वळली. "कुटार आनून ठेवा. उद्या भट्टी लावतो."

मी पोतं घेऊन निघालो. वाटेत भेटेल त्याला तो फोटो दाखवत गेलो. प्रत्येकाला सांगितलं, मडकी तिची, भट्टीही तिचीच.