करवतीवरचं कव्हर

चौकटी कापून घ्यायला मी पोलादपूरच्या एका सुतारकामाच्या कारखान्यात गेलो, तेव्हा मशीन दुरुस्त करायला आलेला मिस्त्री करवतीच्या मशीनखाली उताणा पडला होता. झिजलेली बेअरिंगं आणि पट्टा बदलून तो उठला. पातं आणि बाजूची गाइडपट्टी यांच्यातलं पुढचं आणि मागचं अंतर त्याने मोजलं. एक मिलिमीटरचा फरक होता. तो फरक जाईपर्यंत त्याने पुन्हा पुन्हा नट सैल केले, आवळले. शेवटी पात्यावर लोखंडी कव्हर बसवलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढला.

"फोटो कशाला?" मी विचारलं.

"मागल्या पावसात इथल्या सुताराची दोन बोटं गेली. शेट गावभर सांगत फिरला, मिस्त्रीनं कव्हर लावलंच नाय."

शेजारी उभा असलेला कारखान्याचा मालक हसला. "किती दिवस तेच धरून बसणार रे?"

"त्याची बोटं उगवेपर्यंत, शेट."

त्याने अवजारं पिशवीत भरली. त्याची मोटारसायकल सुरू व्हायच्या आतच नवा सुतार पाना घेऊन कव्हर काढू लागला. "याच्यानं काम अडतं," तो म्हणाला. मालकाने माझ्या चौकटींची मापं लिहायला घेतली. मी मिस्त्रीला हाक मारून ते दाखवलं.

त्याने पाहिलं.

"माझा फोटो झालाय," एवढंच बोलून तो कापडे गावच्या रस्त्याला लागला.